आधी कॅप्सूल, मग पोहे

मागच्या अंकात पोट दुखण्या-फुगण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आलीत ती जवळजवळ सगळी एकाच आजाराची आहेत. आयबीएस-सी, म्हणजे आयबीएसचा (इरिटेबल बाउल सिंड्रोम, आतड्याच्या कामातल्या बिघाडाचा जुना त्रास) तो प्रकार ज्यात पोट दुखतं, फुगतं आणि सोबत कब्जही असतो. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, डॉक्टरांनी औषध नीटच लिहून दिलेलं असतं, पण घरी आल्यावर ते कधी, कशावर आणि कशासोबत घेतलं जातंय हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मी डॉक्टर नाही, इथे इंदूरलाच एका हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे तीस वर्षं काढलीत. कोणतं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. दिलेलं औषध नीट कसं घ्यायचं, तेवढं आपण इथे बोलू.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी ५४ वर्षांची, सुदामा नगरात राहते. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने होते, तिथे पोटाचा त्रास फार वाढला म्हणून सगळ्या तपासण्या झाल्या, आयबीएस-सी निघालं आणि लिनाक्लोटाइड २९० मायक्रोग्रॅमच्या कॅप्सूल सुरू केल्या. तिथे छान चाललं होतं, दुखणं पण कमी झालं होतं. इथे आल्यापासून मात्र कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, तर कधी सकाळी चार-चार वेळा पळावं लागतं. कॅप्सूल तीच आहे. सुनेने विसरायला नको म्हणून सात खणांच्या डबीत काढून दिल्यात, डबी ओट्याजवळच्या शेल्फवर असते. चहा-पोहे झाले की घेते. रविवारी पोहे-जलेबी किंवा कचोरी असतेच. औषध खराब झालं का? दोन घेऊन बघू का?

उत्तर: ताई, दोन अजिबात घेऊ नका. आधी ती डबी आणि ते पोहे बघू, कारण मला वाटतं गडबड तिथेच आहे.

हे औषध सकाळी उपाशीपोटी घ्यायचं असतं, दिवसाच्या पहिल्या खाण्याच्या कमीत कमी अर्धा तास आधी. तिथे मुलाकडे तुम्ही बहुतेक उठल्या-उठल्या पाण्यासोबत घेत असाल आणि नाश्ता सावकाश होत असेल. इथे आपल्याकडे सात वाजले की पोहे वाफाळायला लागतात, वर सेव, जिरावन, मग ती कॅप्सूल नाश्त्याच्या मागे जाऊन बसली. आता ह्यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की खाण्यानंतर घेतली तर ती वाया जाते असं नाही, उलट तेलकट-तुपकट नाश्त्यानंतर घेतली की जुलाब जास्त पातळ आणि जास्त वेळा होतात, हे तपासून बघितलेलं आहे आणि औषधाच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं आहे. रविवारची कचोरी आणि त्यावर कॅप्सूल, मग सोमवारपर्यंत बाथरूमच्या फेऱ्या, तुमच्या पत्रातला हिशोब मला असाच जुळताना दिसतोय. तेव्हा उठल्यावर साध्या पाण्यासोबत कॅप्सूल घ्या, घड्याळ बघा, अर्धा तास जाऊ द्या. दुधाचा चहा पण मी त्या अर्ध्या तासानंतरच घ्यायला सांगते. पोहे सोडायची गरज नाही, पोहे थांबू शकतात.

आता डबी. सुनेने प्रेमानेच केलंय, तिला काही बोलू नका, पण हे औषध ओल अजिबात सहन करत नाही. त्याच्या बाटलीत एक छोटी पुडी असते ना, जी आपण निरुपयोगी समजून फेकून देतो, ती ओल शोषून घेण्यासाठीच असते, आणि कंपनीचं सांगणं स्पष्ट आहे की कॅप्सूल मूळ बाटलीतच ठेवायच्या, दुसऱ्या डबीत वाटून ठेवायच्या नाहीत, पुडी काढायची नाही, झाकण घट्ट लावायचं. तुमची डबी तर ओट्याजवळ, म्हणजे कुकरची वाफ, चहाची वाफ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मीठसुद्धा पाणी सोडतं. जेव्हा दोन दिवस काहीच होत नाही तेव्हा अशी ओल लागलेली कॅप्सूल अर्धवट काम करत असणं अगदी शक्य आहे. डबीतल्या कॅप्सूल किती दिवस उघड्या होत्या ते डॉक्टरांना सांगा आणि त्या परत बाटलीत टाकू नका, चांगल्यांमध्ये मिसळायला नकोत. बाटली बेडरूमच्या कपाटात ठेवा, खिडकीच्या उन्हापासून लांब. मे महिन्यात आपला पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा तर घरातली सगळ्यात थंड कोरडी जागा शोधा आणि गाडीत कधीही विसरू नका. विसरायची भीती असेल तर कॅलेंडरवर रोज खूण करा, डबीचं काम खूण पण करते.

आणि बाटली उंचावर ठेवा. घरात नातवंडं येत असतील, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर हे औषध द्यायलाच मनाई आहे. अगदी लहान वयात ह्याने शरीरातलं पाणी इतकं जाऊ शकतं की जिवावर बेतावं, म्हणून त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो.

दोन कॅप्सूल का नाही, तेही सांगते. हे औषध आतड्याच्या आतल्या अस्तरावर काम करतं, रक्तात जवळजवळ जातच नाही. अस्तरावर एक खटका असतो असं समजा, तो दाबला की पाणी आणि क्षार आतड्यात उतरतात, मळ नरम होतो, पुढे सरकतो, आणि दुखण्याच्या नसा पण थोड्या शांत होतात असं मानतात. मला स्वतःला नेहमी नवल वाटतं की जुलाब लावणारे काही ई-कोलाय जंतू जे विष सोडतात ते पण हाच खटका दाबतं, औषधाची कल्पना तिथूनच आली. म्हणजे डोस जास्त झाला तर काय होणार ते कळलंच. २९० हाच आयबीएस-सीचा दिवसाचा पूर्ण डोस आहे, एकदाच. कंपनीच्या चाचण्यांमध्ये ह्या नेमक्या डोसवरसुद्धा साधारण शंभरात वीस लोकांना जुलाब झाले होते, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत, आणि शंभरात दोघांना जोराचे.

जोराचे झाले तर औषध थांबवा, ओआरएस प्या, आणि पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला, चवीसाठी कमी-जास्त नको. मग डॉक्टरांना फोन. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात कधी नव्हे असं जबरदस्त दुखलं, मळात लाल रक्त दिसलं किंवा डांबरासारखा काळा मळ झाला, तर फोनची वाट न बघता सरळ दवाखाना.

कॅप्सूल चावायची नाही, फोडून दह्यात-मधात पण नाही. गिळता येतच नसेल तर उघडून आतले दाणे साधारण ३० मिली, म्हणजे सहा चहाचे चमचे साध्या पाण्यात टाकून निदान वीस सेकंद हलवायचे आणि लगेच प्यायचं, मग त्याच कपात तेवढंच पाणी परत घेऊन तसंच. दाणे खाली उरले तरी घाबरू नका, औषध पाण्यात उतरलेलं असतं. पण आधी डॉक्टरांना विचारून.

एक शेवटचं, मुलाकडून पार्सलची वाट बघत बसू नका. बाटली संपायच्या तीन-चार आठवडे आधीच तिथली चिठ्ठी, रिपोर्ट आणि बाटली घेऊन इथल्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणजे पुढे काय चालू ठेवायचं ते ते ठरवतील आणि मधे खंड पडणार नाही.

प्रश्न: माझ्या मिसेसना (वय ३९) इथल्या डॉक्टरांनी लुबिप्रोस्टोन ८ सकाळ-संध्याकाळ दिलं आहे. पोटाचं औषध उपाशीपोटीच घ्यायचं म्हणून तशी घेते, पण फार मळमळतं. पहिल्याच दिवशी अर्ध्या-पाऊण तासात छाती जड झाली, श्वास पुरत नाही असं वाटलं, संध्याकाळपर्यंत बरी झाली, पण भीतीने आता बंद केलंय. मला पण कब्ज असतो, म्हणून तिच्याच पाकिटातल्या दोन मी घेतल्या, फरक पडला नाही. रामबाग, इंदूर.

उत्तर: भाऊ, वरचं उत्तर वाचलं असेल तर आता गोंधळ होईल, म्हणून नीट वाचा. लिनाक्लोटाइड उपाशीपोटी, पण लुबिप्रोस्टोन जेवणासोबत. दोन्ही आयबीएस-सीचीच औषधं, तरी नियम उलटे. लुबिप्रोस्टोन उपाशी घेतलं की मळमळ जास्त, जेवण आणि भरपूर पाण्यासोबत घेतलं की ती पुष्कळ कमी होते. सकाळी नाश्त्याच्या मधे एक, रात्री जेवणाच्या मधे एक, अख्खी गिळायची, तोडायची-चावायची नाही. पोटाचं औषध म्हणजे उपाशीच, असा सरसकट नियम कुठेच नाहीये. खिडकीवर लोक मला हेच ऐकवायचे आणि मी दरवेळी पाकीट त्यांच्यासमोर धरून त्याच औषधाचा नियम वाचायला लावायची.

छाती जड होण्याचं मात्र मी हलकं घेणार नाही. हा ह्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, बहुतेक पहिल्या डोसनंतर अर्ध्या ते एक तासात होतो आणि काही तासांत जातो, पण पुढच्या डोसला परत होऊ शकतो. त्यांनी थांबवलं ते बरोबर केलं, पण डॉक्टरांना न सांगता नुसतं बंद ठेवणं बरोबर नाही. आजच फोन करा, वेळ, किती वेळ टिकलं, उपाशी होत्या हे सगळं सांगा, आणि परत सुरू करायचं की बदलायचं ते त्यांना ठरवू द्या. छातीत दुखणं, घाम, ओठांवर-चेहऱ्यावर सूज असं काही परत झालं तर इमर्जन्सीतच न्या, औषधाचा परिणाम असेल असं घरबसल्या ठरवू नका. बाळाचा विचार असेल किंवा तारीख चुकली असेल तर तेही सांगून ठेवा, हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते माहीत हवं.

आता तुमच्याबद्दल. ८ मायक्रोग्रॅमचा हा डोस आयबीएस-सीसाठी १८ वर्षांवरच्या बायकांकरताच मंजूर झालेला आहे, २००८ मध्ये. पुरुषांमध्ये ह्या आजारावर त्याचा उपयोग होतो हे पुरेसं सिद्ध झालेलं नव्हतं. साध्या जुन्या कब्जाला ह्याच औषधाचा डोस वेगळा, २४ चा असतो, आणि तो स्त्री-पुरुष दोघांना चालतो, पण म्हणून तुम्ही मनाने तीन गोळ्या मोजून घ्याल असं करू नका. आतड्यात कुठे अडथळा असेल तर ही दोन्ही औषधं घ्यायचीच नसतात, आणि तो आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. तुम्ही तिच्या दोन घेतल्यात त्यामुळे तिचा कोर्स पण एक दिवसाने कमी झाला. स्वतःला दाखवा ना, संकोच कसला.

प्रश्न: आई ७० वर्षांची आहे, आम्ही टिळक नगरात राहतो. तिला लुबिप्रोस्टोन ८ दोनदा, थायरॉइडची गोळी, आयर्न, कॅल्शियम, बीपीची गोळी (लघवी वाढवणारी), पोटात कळ आली की डायसायक्लोमिनची गोळी, आणि हे सगळं असून ती रात्री ईसबगोल घेते आणि बाजारातलं चूर्ण पण. पोट कधी साफ, कधी नाही. कशाने काय होतंय तेच कळत नाही.

उत्तर: तुम्ही यादी लिहून पाठवलीत हे फार चांगलं केलंत. हाच कागद जसाच्या तसा डॉक्टरांसमोर ठेवा, चूर्णाच्या डब्यासकट. कारण ह्या यादीत काही गोष्टी कब्ज वाढवतात आणि काही तो मोडायला बघतात, एकाच आईच्या पोटात दोन्हीकडून ओढाताण.

आयर्नने कब्ज वाढतो, कॅल्शियमने पण. डायसायक्लोमिन कळ थांबवतं कारण ते आतड्याची हालचालच मंद करतं, मग मळ अजून अडकतो. शिवाय सत्तरीत त्याने तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, गोंधळल्यासारखं होणं असे त्रास होतात. कळ आली की सवयीने दिलं जात असेल तर किती वेळा दिलं ते लिहून ठेवा, डॉक्टरांना तो आकडा हवाच. ह्यातलं काही स्वतः बंद करू नका, आयर्न कशासाठी चालू आहे ते तुम्हाला माहीत नसेल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चूर्णाची. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, डब्यावर बारीक अक्षरात बघा. ती आतड्याला ढोसून काम करते. आधीच लुबिप्रोस्टोन चालू, त्यावर सोनामुखी, आणि बीपीच्या गोळीने लघवीवाटे पाणी जातंच आहे. एखाद्या दिवशी जोराचे जुलाब झाले की पाणी, सोडियम, पोटॅशियम सगळं एकदम उतरतं, आणि ह्या वयात बीपी पडून चक्कर, मग पडणं, मग हाड. आयुर्वेदाचं आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं नाही असं आपल्या घरांमध्ये सर्रास होतं, आणि मी हात जोडून सांगते, सांगा. आणि जुलाब लागले त्या दिवशी बीपीची ती गोळी द्यायची की नाही हे आजच विचारून कागदावर लिहून घ्या, रात्री दोन वाजता विचारायला कोणी नसतं.

ईसबगोल चांगलं आहे, आयबीएसमध्ये कोंड्यापेक्षा ते जास्त सोसतं, आणि आपल्या नीमचच्या मंडीत ते पोत्यांनी येतं, म्हणजे आपल्या मातीतलंच. पण मोठा ग्लासभर पाण्यासोबत, बसून, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. कमी पाण्यात ते फुगून घशातच अडकू शकतं. आणि ते बाकीच्या गोळ्यांना गुंडाळून घेतं, म्हणून मधे दोन तासांचं अंतर.

मग दिवस कसा लावायचा? साधारण असा, डॉक्टरांना दाखवून पक्का करा: उठल्यावर थायरॉइड साध्या पाण्यासोबत, तासाभराने नाश्ता आणि त्यातच लुबिप्रोस्टोन. बीपीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी. आयर्न आणि कॅल्शियम थायरॉइडपासून चार तास लांब आणि एकमेकांपासून पण वेगळे, एक दुपारी, एक संध्याकाळी. रात्री जेवणात दुसरी लुबिप्रोस्टोन. ईसबगोल दुपारच्या गोळीनंतर दोन तासांनी, चार-साडेचारला बसवा, रात्रीचा हट्ट नको. जुलाब बरेच दिवस चालले तर थायरॉइडची गोळी पण नीट शोषली जात नाही, तेव्हा तसं झालं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, परत करायची का ते विचारा.

प्रश्न: मी २१ वर्षांचा, घर ग्वाल्हेरला, इथे भंवरकुआंला कोचिंगसाठी राहतो. चार महिन्यांपासून पोट साफ होत नाही, दुखतं. रूममेटला आयबीएस-सी आहे, त्याच्या चिठ्ठीवर दवा बाजारातून औषध आणलं तर चालेल का?

उत्तर: नाही रे बाळा, चालणार नाही. कब्ज आणि दुखणं म्हणजे आयबीएस-सी असं नसतं. डॉक्टर जे निकष लावतात त्यात गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस दुखणं, ते शौचाशी जोडलेलं असणं, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असणं हे सगळं बघतात. तुझे तर अजून चारच महिने झालेत. परीक्षेचं टेन्शन, रात्री दोनपर्यंत जागणं, मेसचं जेवण, पाणी कमी, ह्याने पण हेच होतं, थायरॉइडने पण होतं. मळात रक्त, वजन आपोआप कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हिमोग्लोबिन कमी, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, ह्यातलं काही असेल तर ह्याच आठवड्यात दाखव. उलट्या होताहेत, पोट फुगलंय आणि गॅसपण सरत नाहीये असं झालं तर त्याच तासाला. एम.वाय. हॉस्पिटलची ओपीडी तुझ्या रूमपासून लांब नाही, सकाळी एक क्लास बुडव आणि जा. आणि घरी आईला सांग, लपवू नकोस.

प्रश्न: लिनाक्लोटाइडचा डोस चुकला तर? आणि ह्याची सवय लागते का, कायम घ्यावं लागेल? (वडोदऱ्याच्या एका वाचक भगिनी)

उत्तर: चुकला तर चुकला, त्या दिवशीचा सोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला एकच. भरपाईला दोन नाही.

सवयीचं म्हणाल तर चाचण्यांमध्ये काहींचं औषध मुद्दाम बंद करून बघितलं होतं, आठवडाभरात त्यांचा त्रास पहिल्यासारखा परत आला, पण पहिल्यापेक्षा वाढला नाही. म्हणजे सोडल्यावर उलटत नाही, पण आजार मुळापासून जातो असंही नाही. मळ नरम होणं पहिल्याच आठवड्यात कळतं, दुखणं मात्र हळूहळू कमी होतं, पूर्ण फरक कळायला सहा ते नऊ आठवडे जातात. कितीतरी जणी तिसऱ्या आठवड्यात "दुखणं आहेच" म्हणून सोडून देतात, तुम्ही तसं करू नका. रोज एका वहीत तारीख, किती वेळा, कसा मळ, दुखणं दहापैकी किती, एवढं लिहा. दोन महिन्यांनी ती वही घेऊन जा आणि चालू ठेवायचं की नाही ते डॉक्टरांसोबत बसून ठरवा.